लहानग्याचा पहिला पट

गेल्या माघात एका संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "मामाजी, रविवारी मोकळे आहात का? लहानग्याला पटात उतरवून राहिलो. तुम्ही याच."

लहानग्या म्हणजे त्याच्या घरच्याच गाईचा गोऱ्हा. चार दाती, पांढराशुभ्र, लांबट तोंडाचा. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा: "विमा काढला आहे का रे त्याचा?"

भाचा खळखळून हसला. "मामाजी, तुम्ही रिटायर झाले, पण बँक काही तुमच्यातून रिटायर होत नाही."

हसण्यावारी गेले खरे. पण तो प्रश्न माझ्या तोंडी का आला, हे मला माहीत होते. त्याचे उत्तर पुढे सांगतो.

नागपूरच्या माणसाची बैलाशी पहिली ओळख होते ती तान्ह्या पोळ्याला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी नंदीबैल सजवून मुलांनी दारोदार फिरायचे, बोजारा मागायचा. भोसल्यांच्या काळापासून चालत आलेली ही रीत आहे. माझाही एक बैल होता, चाकांवरचा. दोरी ओढली की यायचा, सोडली की थांबायचा. बैल म्हणजे असाच, आपण ओढू तसा येणारा, अशी समजूत माझ्या मनात बरीच वर्षे राहिली असावी. बँकेत ग्रामीण शाखांवर काढलेल्या नोकरीत ती हळूहळू गेली.

भाचा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. उमरेड रोडने कुही फाट्याला वळले की पुढे वैनगंगेच्या अंगाने त्याचे गाव. वडिलोपार्जित सात एकर जमीन आहे, थोडा धान, थोडी मिरची. नांगरट ट्रॅक्टरने होते. म्हणजे हिशेबाच्या वहीत बैलजोडीला आता जागा नाही. तरीही गोठ्यात जोडी आहे, आणि शाळा सुटल्यावर हा गृहस्थ चहा प्यायच्या आधी गोठ्यात जातो. माझी बहीण म्हणते, "सुनेला विचार, हा पहिल्यांदा कोणाला भेटतो ते."

गाय गवळाऊ जातीची. नागपूर, वर्धा आणि पलीकडे छिंदवाडा, शिवनी, बालाघाट या पट्ट्यातली ही जात. अंगाने हलकी, काटक, पायांची चपळ. मराठ्यांच्या काळात डोंगराळ मुलखातून जलद वाहतूक करण्यासाठी ती जोपासली गेली, असे जुनी माणसे सांगतात आणि जुन्या नोंदीही सांगतात. तेव्हा धावणे लहानग्याच्या रक्तातच होते. प्रश्न धावण्याचा नव्हता. प्रश्न होता गर्दीचा, भोंग्याचा आणि अनोळखी मैदानाचा.

त्याची तयारी भाच्याने वर्षभर चालवली होती. आधी नुसते जू खांद्यावर ठेवायचे आणि उतरवायचे. मग मागे लाकडाचा हलका ओंडका बांधून मोकळ्या बांधीतून फिरवायचे. मग म्हातारा जोडीदार शेजारी जुंपून रिकामा छकडा. हा जोडीदार, त्याला घरात सारे 'दादा' म्हणतात, चार-पाच पट पाहिलेला. नव्याला जुन्याशेजारी जुंपायचे ही शेतकऱ्याची शाळा फार जुनी आहे. तिला ना फळा, ना खडू. आठवडी बाजाराच्या दिवशी भाचा लहानग्याला कासरा धरून बाजारात नेई. विकायला नव्हे, गर्दी दाखवायला. लोक विचारत, "केवढ्याला?" हा म्हणे, "पाहायला आणलं जी, विकायला नाही."

मला हे ऐकताना घोडेस्वारीची आठवण झाली. टोकियो ऑलिंपिक २०२१ साली झाले, तेव्हा फवाद मिर्झा आपल्या 'सेन्योर मेडिकॉट' या घोड्यासह उतरला होता. दोन दशकांनी भारताचा घोडेस्वार ऑलिंपिकमध्ये दिसला म्हणून मी ते पाहिले. तो तेविसावा आला. पुढे २०२३ साली हांगझोऊच्या एशियाडमध्ये आपल्या चार तरुण स्वारांनी ड्रेसाज या प्रकारात सांघिक सुवर्णपदक मिळवले, घोडेस्वारीत ४१ वर्षांनंतरचे पहिले. त्या खेळात घोडा नाचल्यासारखी पावले टाकतो आणि स्वार नुसता बसलेला दिसतो. इशारा गुडघ्यातून, पाठीतून, बोटातून जातो, बघणाऱ्याला तो दिसता कामा नये. एवढे शिकलेले जनावरही पहिल्यांदा परक्या मैदानावर बिचकतेच. ऑलिंपिकचे हिरवे मैदान कुठे आणि कुहीपलीकडचे धुरळ्याचे रान कुठे! पण जनावराच्या मनातली गोष्ट दोन्हीकडे एकच. त्याला सांगता येत नाही की ही शर्यत आहे, हे लोक मारायला नव्हे तर बघायला आले आहेत, आणि दोन मिनिटांनी सारे संपणार आहे. त्याला कळतो फक्त दोरी धरणारा हात.

आता त्या विम्याच्या प्रश्नाकडे येतो. १९८०च्या दशकात मी भंडारा जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे दिवस. कर्ज आणि सबसिडी देऊन गाई-म्हशी, शेळ्या, बैलजोड्या वाटल्या जात. प्रत्येक जनावराच्या कानात विम्याचा बिल्ला. एका शेतकऱ्याने आमच्या कर्जातली जोडी पटात पळवली. एक बैल पडला, पुढचा पाय मोडला, चार दिवसांत गेला. कानातला बिल्ला फडक्यात बांधून तो माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, "सायेब, बांधीत घसरला असं लिवा." मी लिहिले नाही. अहवालात 'शंकरपटात पळविताना' असे शब्द घातले. दावा नामंजूर झाला. त्याने उरलेला बैल विकून हप्ते फेडले.

नियमाने मी बरोबर होतो. आजही तसेच लिहीन, असे वाटते. तो माणूस नंतरही शाखेत येई आणि पूर्वीसारखाच हात जोडून नमस्कार करी. त्या नमस्काराचे ओझे मात्र अजून उतरलेले नाही. पुष्कळ वर्षांनी, कादंबरी लिहायला बसलो असताना, त्या प्रकरणातली एक वेगळीच गोष्ट ध्यानात आली. कर्जाच्या अर्जावर शेतकऱ्याची सही होती, जामीनदाराची होती, माझी होती. बैलाची कुठेच नव्हती. पाय मात्र त्याचा मोडला.

म्हणून मी रविवारी सकाळीच निघालो.

पटाचे गाव म्हणजे जत्राच. उसाच्या रसाची गाडी, भज्यांच्या कढया, खेळण्यांची दुकाने, आणि एका बाजूला रात्रीच्या नाटकाचा मांडव. आमच्या झाडीपट्टीत दिवसा पट आणि रात्री नाटक ही जोडी बैलजोडीइतकीच पक्की. वडशाच्या कंपन्या याच हंगामावर जगतात. प्रवेशाच्या टेबलावर पशुवैद्यक बसले होते. प्रत्येक बैल तपासून, दाखला पाहूनच चिठ्ठी मिळत होती.

हे तपासणे फुकट आलेले नाही. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतींवरही बंदी घातली. आर लावलेली तुतारी, शेपटी पिरगळणे, चावणे, हे सारे न्यायालयापुढे आले होते, आणि ते खोटे नव्हते. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयाच्या आदेशाने पट बंदच राहिले. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. बंदीच्या काळात तळेगाव दशासरसारख्या नावाजलेल्या पटाची मैदानेही ओस पडली होती. बंदी उठली तेव्हा लोकांनी फटाके वाजवले. माझे मत विचाराल तर बंदीने एक चांगले काम केले: तुतारीशिवाय बैल पळतो की नाही, हे शेतकऱ्याला स्वतःला विचारायला लावले.

दुपारी तीनच्या सुमारास भाच्याचा नंबर आला. दादा शांत उभा. लहानग्याचे कान मात्र भोंग्याकडे. निवेदक गाणे लावून मध्येच मोठ्याने नावे पुकारत होता. जू चढले, छकडा जोडला, भाचा वर चढला. झेंडी पडली. दादाने पाऊल उचलले आणि लहानग्या जागच्या जागी खिळला. चारही पाय रोवून, थरथरत. जू तिरके झाले.

मग सुरू झाली गर्दी. "टोच ना बे!" "शेपूट पिरगळ!" "मास्तर, बैल आहे का बकरी?" कायद्याने हातातली तुतारी काढून घेतली आहे, तोंडातली कोण काढणार? कोणीतरी कुंपणावरून एक काठीही पुढे केली. मी पाहत होतो. भाच्याचा चेहरा लाल झाला होता. त्याच्या वर्गातली पोरे पहिल्या रांगेत बसली होती. वर्षभराची मेहनत, गावची इज्जत, सारे त्या दहा-पंधरा सेकंदांत होते. काठी हाताच्या अंतरावर होती.

भाचा खाली उतरला. लहानग्याच्या गळ्याखाली हात घालून काहीतरी पुटपुटत राहिला. भोंग्यावरून आवाज आला, "जोडी बाद." त्याने जू उतरवले आणि दोघांना घेऊन बाजूला झाला. लोक हसले, आणि पुढच्या जोडीकडे वळले.

मी जवळ गेलो तेव्हा तो म्हणाला, "मामाजी, मी त्याला सांगितलं होतं ना, काही होणार नाही म्हणून. मग मीच कसा टोचू?"

मी काही बोललो नाही. नोकरीच्या काळात जामीनदार या शब्दाचा अर्थ मी शेकडो लोकांना समजावून सांगितला असेन. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने शब्द देणारा माणूस, हा अर्थ मात्र त्या दिवशी मला भाच्याने शिकवला. आपण पहिल्यांदा स्पर्धेत नेतो ते जनावर घोडा असो की गोऱ्हा, आपल्याच शब्दावर तिथवर आलेले असते. बक्षीस आले तर आपले. भीती मात्र सगळी त्याची.

सूर्य कलला, बक्षिसे वाटून झाली, गर्दी नाटकाच्या मांडवाकडे सरकली. भोंगा बंद झाला. तेव्हा भाच्याने लहानग्याचा कासरा धरला आणि त्याला रिकाम्या धावपट्टीवर नेले. सुरुवातीच्या खुणेपाशी त्याला हुंगू दिले. माती, शेण, दुसऱ्या बैलांचा वास. मग दोघे चालू लागले. अर्ध्यावर गेल्यावर लहानग्याने आपणहून पाय उचलला. भाच्याने कासरा ढिला सोडला आणि धोतर सावरत बाजूने धावू लागला. शेवटच्या खुणेपर्यंत दोघे धावले. घड्याळ लावणारे कोणी नव्हते. मी आणि एक भजीवाला, एवढेच प्रेक्षक.

घरी पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. बहीण दारात आरतीचे ताट घेऊन उभी. निकाल तिला फोनवर आधीच कळला होता. तरी तिने दोघांच्या पायांवर पाणी घातले, कुंकू लावले, पुरणाचा घास भरवला. मी म्हटले, "अगं, तो बाद झाला."

"असू दे," ती म्हणाली. "धडधाकट परत आला ना."

पुढच्या माघात लहानग्या सहा दाती झालेला असेल. भाच्याने आतापासूनच गोठ्यात रेडिओ लावून ठेवायला सुरुवात केली आहे. विमाही काढला म्हणे. मी विचारले नव्हते.