खानदेशच्या वाट्याची जागा

इ. स. १९०६ पर्यंत जळगाव आणि धुळे ही दोन निरनिराळ्या जिल्ह्यांची ठाणी नव्हती. सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगररांगेपर्यंत पसरलेला, तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या खोऱ्यांत वसलेला, सुमारे दहा हजार चौरस मैलांचा तो सारा मुलूख खानदेश या एकाच जिल्ह्यात मोडत असे आणि त्याची कलेक्टरकचेरी धुळ्यास होती. १८८१ च्या खानेसुमारीत ज्याची वस्ती बारा लाखांवर भरली, त्या जिल्ह्यातील रयतेचे म्हणणे, जेथे तिच्या साऱ्याचे आणि जमिनीचे कायदे घडत त्या मुंबईच्या कायदेकौन्सिलात कोणत्या वाटेने पोहोचत होते, या विषयाकडे आमच्या इतिहासकारांनी पुण्या-मुंबईच्या सज्जातूनच पाहिले आहे. खानदेशचा त्यातील वाटा लहान होता खरा. पण तो नोंदल्यावाचून त्या कौन्सिलाची कथा पुरी होत नाही, असे मला मनापासून वाटते.

कौन्सिल अस्तित्वात येण्यापूर्वी रयतेस गाऱ्हाणे मांडण्याचा मार्ग कोणता उरे, हे १८५२ सालाने दाखवून दिले. नव्या जमीनमोजणीमुळे धारा वाढेल या धास्तीने सावदा, फैजपूर, एरंडोल या बाजूची रयत हजारोंनी एकत्र जमली, मोजणीचे काम थांबले, आणि अखेर लष्कर आणून, पुढाऱ्यांना कैद करून सरकारने आपला अंमल पुन्हा बसविला. त्या जमावाचे म्हणणे ऐकून घेईल अशी कोणतीही सभा तेव्हा इलाख्यात नव्हती.

पुढे १८६१ चा इंडियन कौन्सिल्स ॲक्ट झाला आणि १८६२ च्या जानेवारीत मुंबईच्या टाउन हॉलात नव्या कौन्सिलाची पहिली बैठक भरली. जगन्नाथ शंकरशेट, रुस्तमजी जमशेटजी जिजीभाई, सावनूरचे नवाब आणि माधवराव विंचूरकर हे त्यातील पहिले एतद्देशीय सभासद. यांपैकी विंचूरकरांची जहागीर नाशिक प्रांती, म्हणजे खानदेशच्या शेजारीच. परंतु ते आले ते गव्हर्नरसाहेबांच्या नेमणुकीने, सरदार म्हणून, कोणा रयतेचे मुखत्यार म्हणून नव्हे. शिवाय त्या सभेपुढे आलेल्या मसुद्यापलीकडे सभासदास बोलता येत नसे. सरकारास प्रश्न विचारण्याचा किंवा अंदाजपत्रकावर चर्चा करण्याचा अधिकार त्यास नव्हता. त्याच सुमारास गोव्याचे फ्रान्सिस्को लुईस गोमिश लिस्बनच्या पार्लमेंटात निवडून आलेले प्रतिनिधी म्हणून बसत होते, आणि गोव्याहून असे प्रतिनिधी धाडण्याचा प्रघात तर १८२२ पासूनचा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे इंग्रजी अमलातील या कौन्सिलाचे दारिद्र्य अधिकच जाणवते.

खानदेशात मात्र प्रतिनिधित्वाचा पाया वेगळ्याच ठिकाणी घातला जात होता. धुळ्याची म्युनिसिपालिटी १८६२ ची, जळगावची १८६४ ची; रेल्वेने आणि अमेरिकेतील यादवीमुळे चढलेल्या कापसाच्या भावाने जळगावास जी पेठ उभी राहिली, तिच्या मागोमाग हा कारभार आला. गावोगावच्या कुणब्याचा संबंध आला तो लोकल फंडाशी. साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा भरावयाचा, आणि त्यातून रस्ते, धर्मशाळा व शाळा चालवावयाच्या, अशी ती व्यवस्था होती. १८८४ च्या कायद्याने या फंडाचा कारभार तालुका व जिल्हा लोकल बोर्डांकडे देऊन त्यांत काही सभासद निवडून घेण्याची तरतूद झाली. जिल्हा बोर्डाचे अध्यक्षपद कलेक्टराकडेच राहिले. ज्या बोर्डाचा अध्यक्ष सरकारी अंमलदार, तेथे वकील, सावकार, पाटील-देशमुखांनी तरी किती मोकळेपणाने बोलावे? तरीही हेच बोर्ड पुढे मतदार ठरले.

१८९२ च्या दुसऱ्या ॲक्टाने मुंबईच्या कौन्सिलातील जादा सभासदांची मर्यादा वीसपर्यंत वाढविली, अंदाजपत्रकावर बोलण्याची व प्रश्न विचारण्याची मुभा दिली, आणि म्युनिसिपालिट्या, लोकल बोर्डे, युनिव्हर्सिटी, व्यापारी मंडळे यांसारख्या संस्थांनी नावे सुचवावीत व गव्हर्नरांनी त्यांची नेमणूक करावी, असा आडवळणाचा निवडणुकीचा मार्ग खुला केला. त्याच वर्षी दादाभाई नौरोजी सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांच्या आधिक्याने इंग्लंडच्या पार्लमेंटात निवडून आले; तेथे लंडनचा गृहस्थ स्वतः मत देत होता, येथे आणा भरणाऱ्या कुणब्याला मत नव्हते, त्याच्या नावाने बोर्डाचा सभासद मत देई. शिवाय खानदेश, नाशिक, अहमदनगर, पुणे, सातारा व सोलापूर अशा सहा जिल्ह्यांच्या मध्य विभागातील बोर्डांनी मिळून एकच माणूस पाठवावयाचा होता.

त्या जागेवर १८९५ साली बाळ गंगाधर टिळक निवडून आले आणि १८९७ साली पुन्हा निवडून आले. खानदेशच्या बोर्डाचे मत ज्या मतदारसंघात मोजले जाई, त्याचा प्रतिनिधी केसरीचा संपादक होता, ही गोष्ट मी फार मोलाची मानतो. कारण प्रश्न विचारण्याचा तो नवा हक्क दिसावयास क्षुल्लक असला, ठराव मांडण्याचा किंवा अंदाजपत्रकावर मते घेण्याचा अधिकार त्यासोबत आला नसला, तरी सरकारास दप्तरातील माहिती उघड सभेत सांगावी लागू लागली, आणि ती माहिती केसरीतून तालुक्याच्या गावापर्यंत वाचली जाऊ लागली. १८९६-९७ च्या दुष्काळात सारातहकुबी व सूट यांविषयी सरकारचेच नियम काय आहेत, हे टिळकांनी रयतेस समजावून दिले. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे प्रचारक तेच सांगत खेड्यांतून हिंडले, आणि १८९७ च्या मार्चात सरकारने त्या सभेची मान्यता काढून घेतली. २७ जुलै १८९७ रोजी टिळकांस राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली, नऊ जणांच्या ज्यूरीपैकी सहा युरोपियनांनी त्यांस दोषी व तिघा एतद्देशीयांनी निर्दोष ठरविले, अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली, आणि कौन्सिलाची ती जागा त्यांच्या हातून गेली.

१८९९ मध्ये मध्य विभागातर्फे गोपाळ कृष्ण गोखले कौन्सिलात गेले. टिळक आणि गोखले यांच्या मतभेदांवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत; परंतु एकाच विभागातील बोर्डांनी अवघ्या काही वर्षांच्या अंतराने या दोघांसही आपले प्रतिनिधी केले, याकडे कोणी फारसे पाहात नाही. त्या बोर्डांच्या सभासदांस पुण्यातील पक्षांपेक्षा साऱ्याची चिंता अधिक होती, असे माझे मत आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळाने खानदेशास जबर तडाखा दिल्यानंतर तर ती चिंता अधिकच रास्त ठरली.

तिचा निकाल १९०१ च्या ऑगस्टात कौन्सिलाच्या पुण्यास भरलेल्या बैठकीत लागला. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन पुन्हा कुणब्यास द्यावी, पण ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा अधिकार त्यास असू नये, असे दुरुस्तीबिल सरकारने आणले होते. सावकाराच्या तावडीतून रयतेस वाचविणे हा हेतू सांगितला गेला. गोखल्यांचे म्हणणे असे की कुणब्याची पत आणि मालकी दोन्ही यात बुडतात, तेव्हा बिल घाईने मंजूर न करता त्यावर लोकमत घ्यावे. सरकारी बहुमताने ती सूचना फेटाळली, तेव्हा फिरोजशहा मेहता, गोकुळदास पारेख, भालचंद्र कृष्ण, दाजी आबाजी खरे आणि गोखले हे पाच बिनसरकारी सभासद सभात्याग करून बाहेर पडले. बिल मंजूर झालेच, आणि हस्तांतरास मनाई असलेली ती नवी शर्त खानदेशातील जमिनींच्या दप्तरी दाखल झाली.