डॉक्टर परिषदेला कशासाठी जातात?

पेठ वडगावच्या बाजारात माल घेताना काट्यावरचा शिक्का पाहायची सवय जुन्या माणसांना आहे. काटा कितीही चांगला असो, मुदत संपली की तो पुन्हा तपासून घ्यावा लागतो. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचं काम पडणार आहे.

आजारी पोराला घेऊन तुम्ही कोल्हापुरास हृदयाच्या डॉक्टरांकडे जाता आणि दारावर पाटी दिसते, ‘डॉक्टर परिषदेस गेले आहेत.’ एस.टी.चं भाडं अंगावर पडलेलं, राग यायचाच. पण ही परिषद म्हणजे नुसते हारतुरे आणि भाषणं नव्हेत.

हृदयाच्या ज्या तपासणीला आपण ‘एको’ म्हणतो, तिचं तत्त्व विहिरीत दिलेल्या हाकेचं आहे. हाक खाली आपटते आणि परत येते. माणसाचा कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकतो. हे यंत्र वीस लाखांहून अधिक कंपनांचा आवाज छातीत सोडतं आणि परत आलेल्या आवाजावरून पडद्यावर चित्र काढतं. सुई नाही, दुखणं नाही. स्वीडनमधल्या माल्मो गावी जहाजांच्या कारखान्यात धातूतल्या भेगा अशाच आवाजाने शोधत. ते पाहून लुंड येथील डॉ. एडलर आणि पदार्थवैज्ञानिक हर्ट्झ यांनी २९ ऑक्टोबर १९५३ रोजी तसल्याच यंत्राने धडधडत्या हृदयाची पहिली नोंद घेतली. एडलर यांना मुख्यतः हृदयाची आखडलेली झडप पाहायची होती.

ती झडप आखडते कशाने? पुष्कळदा साध्या घसादुखीने, बरं का! विशिष्ट जंतूंनी घसा धरला, त्यावर उपचार झाला नाही, तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी संधिज्वर येतो. सांधे सुजतात, दुखणं एका सांध्यातून दुसऱ्यात जातं. सांधे बरे होतात, पण झडप कायमची बिघडू शकते. पाच ते पंधरा हे याचं मुख्य वय, म्हणजे शाळेचंच.

कानाला नळी लावून हा बिघाड दर वेळी सापडत नाही. कंबोडियात ३,६७७ शाळकरी मुलं तपासली, तेव्हा नळीने ८ जणांत दोष सापडला, एकोने ७९ जणांत. हे २००७ साली प्रसिद्ध झालं.

आता अडचण पाहा. झडपेतून किंचित रक्त मागे येणं निरोगी मुलातही दिसतं. त्याला रोग म्हटलं, तर धडधाकट पोराला वर्षानुवर्षं सुया टोचणार. रोग असून सोडला, तर झडप हळूहळू जाणार. युगांडात सुमारे आठशे मुलांवर प्रयोग झाला. रोग अगदी सुरुवातीचा असता दर चार आठवड्यांनी पेनिसिलिन दिलेल्या मुलांत दोन वर्षांत शेकडा एकाहूनही कमी जणांचा रोग वाढला. न दिलेल्यांत शेकडा आठांचा. तेव्हा निवाडा अचूक हवा.

आणि निवाड्याचं मापही बदलतं. मागे येणारी रक्ताची धार दोन सेंटिमीटर भरली तर, इतर खुणा जुळता, संशय धरावा, असं जागतिक माप २०१२ साली ठरलं. २०२३ साली तीस किलोखालच्या मुलांसाठी ते दीड सेंटिमीटर झालं. जुनं माप धरून बसलेला डॉक्टर आपला बारका पोरगा ‘ठीक आहे’ म्हणून परत पाठवील. शिवाय हातातली दांडी जराशी कलली तरी चित्र बदलतं. म्हणून इंडियन अकॅडमी ऑफ एकोकार्डिओग्राफीसारख्या संस्थांच्या वार्षिक परिषदांत हे तज्ज्ञ जमतात, एकच चित्र अनेकांनी वाचून मतं ताडून पाहतात, जाणत्याचा हात कसा फिरतो ते पाहतात. आपला काटा तपासून घेतात म्हणा ना!

यंत्रच गावोगाव का फिरवत नाहीत, असं तुम्ही विचाराल. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली या यंत्रांचीही नोंदणी लागते. ते पिशवीत घालून कुणालाही कुठेही नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

तेव्हा गुरुजी, बाई, पहिली नजर तुमचीच. घसा दुखून गेल्यावर कुणी लंगडू लागला, खेळाच्या तासाला धाप लागून बसू लागला, तर हजेरीपटात त्याच्या नावापुढे खूण करा आणि घरी निरोप धाडा. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येईल तेव्हा ते मूल आधी दाखवा; सांधे सुजले असतील किंवा धाप असेल तर पथकाची वाट न पाहता सरकारी दवाखान्यात पाठवा. आणि पालकांनो, एको झाला की त्याचा कागद जपून ठेवा. पुढल्या वर्षी धार वाढली की घटली, हे जुन्या कागदाशी ताडूनच डॉक्टर सांगू शकतात.