आकाशात दिवा दिसला तर

२०२४ सालच्या पावसाळ्यात शिरूर आणि दौंड तालुक्यांत एकच बोलवा झाली. "रात्री आकाशात दिवे फिरतात. ते ड्रोन आहेत. चोर घरं हेरतात!" ड्रोन म्हणजे दुरून चालवायचे लहान विमान. त्यात माणूस नसतो. लोक धास्तावले. पोलिसांकडे तक्रारी गेल्या.

दिवा दिसला, हे खरे. पण तो कशाचा, हे कसे ओळखावे? आपल्या सैन्यावरही अशीच पाळी आली होती. त्यांनी काय केले, ते ऐका.

२०१२ सालची गोष्ट. लडाखात चीनच्या हद्दीजवळ पँगाँग नावाचे सरोवर आहे. तिथे जवानांना रात्री पिवळे दिवे दिसू लागले. शत्रू टेहळणी करतो की काय, असा संशय आला. हद्दीवर गाफील राहून कसे चालेल? जवानांनी नोंदी केल्या. फेब्रुवारी २०१३ पर्यंत ३२९ नोंदी झाल्या. रडारही लावले. रडार हवेत लहरी सोडते. विमानावर आपटून त्या परत येतात. पण या दिव्यांचा रडारला पत्ताच लागला नाही.

मग भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना बोलावले. दिवे कधी, कुठे दिसतात आणि कसे सरकतात, हे त्यांनी ग्रहांच्या चालीशी ताडून पाहिले. निघाले काय? एक दिवा गुरू, दुसरा शुक्र! उंच डोंगरावर हवा विरळ आणि स्वच्छ असते. म्हणून ग्रह फार तेजस्वी दिसतात.

ही पारख तुम्हालाही करता येईल. एका जागी बसा. समोरच्या खांबाशी दिवा जुळवून पाहा. ग्रह हळूहळू पश्चिमेकडे सरकतो. दुसऱ्या रात्री त्याच वेळी तो जवळपास तिथेच दिसतो. विमानाचे दिवे लुकलुकतात आणि ते थोड्या वेळात निघून जाते. ड्रोन जवळ असला तर घूं घूं आवाज येतो. तो वळतो, एका जागी थांबतो. बॅटरी संपत आली की त्याला खाली यावेच लागते.

एवढी खटपट कशाला? तर भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, ते खोटे नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथे मुले पळवणारे आले, अशा अफवेवरून जमावाने ५ जणांना ठार मारले. ते बिचारे भिक्षा मागून पोट भरणारे होते. त्यांचे जीव काही परत आले नाहीत.

तेव्हा दिवा दिसला तर वहीत तारीख, वेळ आणि दिशा लिहा. संशय वाटला तर ११२ नंबरला फोन करून पोलिसांना कळवा. गावात कुणी परका दिसला तर त्याची विचारपूस करा, पण त्याच्यावर हात टाकू नका. आता तुम्हाला लिहिता येते. त्या लिहिण्याने एखाद्याचा जीवही वाचेल.