शून्य लिहावं लागतं

मागच्या व्याख्यानानंतर एक चिठ्ठी आली: 'सीमध्ये अ‍ॅरे जाहीर केला की त्यात शून्यच असतात ना? मग परत शून्य कशाला भरायचे?'

निवृत्तीनंतर सी शिकताना माझाही असाच समज होता. एका ग्रंथातले शब्द मोजणारा प्रोग्रॅम लिहिला, मोजणीचा अ‍ॅरे मेन फंक्शनच्या आत. घरच्या कॉम्प्युटरवर आठवडाभर उत्तरं बरोबर. नातवाच्या लॅपटॉपवर मात्र एका शब्दाची संख्या चक्क ऋण! चूक पहिल्या दिवसापासून होती, घरी ती दिसत नव्हती एवढंच.

वर्गात शिरलो की फळा मिळतो, पण आधीच्या तासाच्या सरांनी तो पुसलेला असेलच असं नाही. फंक्शनमधला साधा अ‍ॅरे तसाच. आमचे नैयायिक अभावालाही पदार्थ मानतात. इथे तर अभावसुद्धा नाही, कुणाचं तरी जुनं लिखाण आहे. फंक्शनच्या बाहेरचे आणि स्टॅटिक अ‍ॅरे मात्र सुरुवातीला शून्य असतात, ही भाषेचीच हमी.

म्हणून रूढ पद्धत अशी: 'इंट ए', चौकोनी कंसात १००, बरोबर, महिरपी कंसात ०. पुष्कळांना वाटतं, ते शून्य सगळीकडे पसरतं. नाही! ते फक्त पहिल्या घराचं. उरलेल्या घरांना किंमत दिली नाही, तर ती शून्य धरायची, असा नियम आहे. पटत नसेल तर कंसात उणे १ लिहून बघा. पहिलं घर उणे १, बाकी ९९ शून्यच. सी-२३ या प्रमाणापासून कंस रिकामा ठेवला तरी चालतं.

मग मेमसेट कशाला? वापरून झालेला अ‍ॅरे पुन्हा पुसायला. पण तो घरं मोजत नाही, बाइट मोजतो. शून्याच्या जागी १ दिलात, तर चार बाइटच्या प्रत्येक इंटमध्ये १,६८,४३,००९ बसतात. आणि अ‍ॅरे दुसऱ्या फंक्शनकडे पाठवून तिथे साइझऑफ विचारलंत, तर अ‍ॅरेचं नव्हे, पॉइंटरचं माप मिळतं. आजच्या बहुतेक मशीनवर ते ८ बाइट. म्हणजे शंभरातली पहिली दोन घरं पुसली जातात, आणि आपण निर्धास्त.