डर्बी शर्यत आणि घोड्याचे वय

लंडनच्या दक्षिणेस एप्सम येथे दरवर्षी होणारी डर्बी ही शर्यत केवळ तीन वर्षांच्या जातिवंत घोड्यांसाठी असते. वयाच्या या अटीतच तिचे मर्म आहे. ४ मे १७८० रोजी ती प्रथम झाली, तेव्हा अंतर एक मैलाचे होते. १७८४ मध्ये ते दीड मैल करण्यात आले. नाणेफेकीत बाराव्या अर्ल ऑफ डर्बींनी सर चार्ल्स बनबरी यांच्यावर मात केली व शर्यतीस त्यांचे नाव मिळाले, ही कथा आख्यायिकाच समजावी. पहिला विजेता डायोमेड मात्र बनबरींचा होता. उतारवयात, १७९८ मध्ये, तो अमेरिकेत विकला गेला आणि तेथील अश्ववंशाचा एक मूळपुरुष ठरला.

वंशवृद्धीसाठी घोडा निवडावयाचा, तर स्पर्धक समवयस्क हवेत. ऐन वाढीच्या काळात एका वर्षाचे अंतर फार मोठे असते. १८४४ मध्ये ‘रनिंग रेन’ या नावाने प्रथम आलेला घोडा वस्तुतः चार वर्षांचा ‘मॅकॅबीयस’ होता. प्रकरण न्यायालयात गेले. घोड्याच्या प्रत्येक जबड्यातील मधले दोन दुधाचे दात तिसऱ्या वर्षाच्या सुमारास, तर त्यांच्या लगतचे दोन चौथ्याच्या सुमारास कायमच्या दातांना जागा देतात. म्हणून तोंड तपासणे हाच निर्णायक पुरावा होता. न्यायाधीश ऑल्डरसन यांनी घोडाच हजर करण्यास सांगितले. परंतु तो नाहीसा झाला होता! अखेर दुसऱ्या आलेल्या ‘ऑर्लँडो’ला विजेतेपद देण्यात आले.