म्हातारपण कुठल्या गावी?

गेल्या डिसेंबरात बर्मिंगहॅमहून आमचे चाचा-चाची आले. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी त्यांचे वडिलोपार्जित घर आहे. ते बहुतेक वेळ बंदच असते आणि किल्ली आमच्याकडे असते. पावसाळ्याआधी कौले परतून घेणे, घरपट्टी भरणे, वीजबिल भरणे ही कामे आम्हीच पाहतो. चाचा दोन-तीन वर्षांनी एकदा येतात, महिनाभर राहतात आणि निघताना म्हणतात, "पुढच्या वेळी कायमचाच येणार."

या वेळी मात्र त्यांनी आल्याआल्याच विषय काढला. पडवीत चहा घेताना म्हणाले, "मी ठरवलंय. घर नीट करून घ्या. आता परत जायचं नाही. तुम्ही सगळे आहात ना इथं?"

आम्ही लगेच म्हणालो, "हो चाचा, आहोत ना." घरच्या माणसांनी दुसरे काय म्हणायचे असते?

रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या 'हो'चा हिशेब आम्ही मांडू लागलो. आम्ही दोघेही शाळेत शिकवतो. सकाळी सातला घर सोडतो ते दुपारी परततो. धाकटा भाऊ कुवेतला. अम्मीचे गुडघे दुखतात, ती स्वतःच भिंत धरून चालते. आमच्या मोहल्ल्यात निम्म्या घरांना कुलूप आहे. चाचांना साखर आणि रक्तदाब, चाचींचे हृदयाचे ऑपरेशन झालेले. मध्यरात्री छातीत दुखू लागले तर गाडी कोण काढणार? मोठ्या इलाजासाठी मुंबई गाठायची तर घाटातून पाच-सहा तास. सकाळी दिलेला 'हो' प्रेमाने दिला होता, हिशेबाने नाही.

हा प्रश्न आमच्या एकाच घरचा नाही. कोकणातल्या कितीतरी मुस्लिम कुटुंबांत कोणी ना कोणी चाचा, मामू, फुफी परदेशात पिकून आता सत्तरीपार गेले आहेत. आखातातल्या माणसापुढे हा पेच सहसा पडत नाही. नोकरी संपली, इकामा संपला की त्याला यावेच लागते. ब्रिटनमध्ये कायमचा राहण्याचा परवाना मिळालेल्यांना मात्र दोन्ही वाटा खुल्या असतात. म्हणूनच त्यांचे मन दोन घरांत अडकते. चाचांच्या निमित्ताने आम्ही जे कागद चाळले आणि जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवतो. कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

दोन वर्षांची मुदत

चाचा 1966 साली, पंधराव्या वर्षी ब्रिटनला गेले. त्यांचे वडील आधी जहाजावर खलाशी होते, पुढे ओतकामाच्या कारखान्यात लागले. त्यांनी मुलाला बोलावून घेतले. चाचांनीही काही वर्षे कारखान्यात काढली आणि मग निवृत्त होईपर्यंत बस चालवली. एवढ्या वर्षांत त्यांनी भारतीय पासपोर्ट सोडला नाही. तिथे राहण्यासाठी त्यांच्याकडे 'इनडेफिनिट लीव्ह टू रिमेन' आहे, म्हणजे मुदतीची अट नसलेली राहण्याची परवानगी. जुन्या पासपोर्टवर तिचा शिक्का आहे. चाचांची समजूत अशी, की हा शिक्का मरेपर्यंतचा.

तसे नाही. ही परवानगी असलेला माणूस सलग दोन वर्षांपेक्षा जास्त काळ ब्रिटनबाहेर राहिला, तर ती संपते. मग परत जायला नव्याने व्हिसा मागावा लागतो आणि त्या देशाशी आपले नाते अजून घट्ट आहे हे पटवून द्यावे लागते. मुले बोलावतील म्हणावे, तर तेही सोपे राहिलेले नाही. जुलै 2012 पासून म्हाताऱ्या आईवडिलांना बोलावण्याचे नियम इतके कडक झाले आहेत, की फार थोड्यांना तो व्हिसा मिळतो. म्हणजे चाचा इथे येऊन तीन वर्षे राहिले आणि मग एकटे पडले, तर मुलांकडे जाण्याचे दारही बंद झालेले असेल.

ब्रिटिश नागरिकत्व घेतले तर हे दार बंद होत नाही. पण भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की आपले आपोआप संपते आणि पासपोर्ट परत करावा लागतो. त्यानंतर ओसीआय कार्ड काढता येते. त्यावर आयुष्यभर भारतात ये-जा करता येते आणि हवे तितके राहता येते. मतदान करता येत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, मात्र वारशाने येणारी घेता येते. चाचांच्या वाट्याची भातखाचरे आणि आंब्याची चार कलमे वारशाचीच आहेत, त्यामुळे ती भीती नव्हती. अडत होते ते मन. "सिंहांची मुद्रा असलेला पासपोर्ट देऊन टाकू?" एवढेच ते म्हणाले आणि बराच वेळ गप्प बसले.

कागद चाळताना एक गोष्ट मात्र हाती लागली. 1 जानेवारी 1973 च्या आधी राष्ट्रकुल देशांतून येऊन ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्यांना कायद्यानेच राहण्याचा हक्क मिळाला होता, पण अनेकांना त्याचा कागद कधी दिलाच गेला नाही. त्यातून पुढे कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, काहींना देशाबाहेर काढले गेले. 2018 साली यावरून मोठा गदारोळ झाला आणि सरकारला 'विंडरश' नावाची योजना आणावी लागली. तिच्यात या लोकांना नागरिकत्वाचा अर्ज विनामूल्य करता येतो. एरवी त्याला दीड हजार पाऊंडांहून जास्त फी पडते. चाचांना वाटत होते की ही योजना फक्त वेस्ट इंडीजच्या लोकांसाठी आहे. भारतही राष्ट्रकुलात आहे, हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते. चाची 1978 साली लग्नानंतर गेल्या, त्यामुळे नागरिकत्वासाठी त्यांना नेहमीचाच मार्ग आहे. पण वयाची 65 वर्षे झालेल्यांना इंग्रजीची आणि ब्रिटनविषयीच्या माहितीची परीक्षा माफ असते. परीक्षेच्या धास्तीनेच चाचींनी इतकी वर्षे अर्ज केला नव्हता.

गोठलेली पेन्शन

दुसरा हिशेब पैशाचा. ब्रिटनची सरकारी पेन्शन जगात कुठेही मिळते, भारतातही. 2016 पासूनच्या नव्या पद्धतीत किमान 10 वर्षांचा विम्याचा हप्ता भरलेला असावा लागतो आणि पूर्ण पेन्शनसाठी साधारण 35 वर्षांचा. महागाई वाढते तशी ती दर एप्रिलमध्ये वाढते. पण ही वाढ भारतात राहणाऱ्याला मिळत नाही. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, दक्षिण आफ्रिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत राहायला गेलेल्यांची पेन्शन आहे त्या आकड्यावर गोठते. अमेरिका किंवा युरोपातल्या देशांत गेलेल्यांना मात्र वाढ मिळते. या भेदाविरुद्ध काही निवृत्त लोक युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले आणि 2010 साली हरले.

चाचांचेच उदाहरण घ्या. 2016 साली त्यांना पूर्ण पेन्शन सुरू झाली तेव्हा ती आठवड्याला 155.65 पाऊंड होती. 2025-26 मध्ये तीच 230.25 पाऊंड होती. चाचा 2016 सालीच गावी आले असते, तर आजही त्यांच्या खात्यात 155.65 पाऊंडच जमा झाले असते. 2025-26 मध्ये आले असते तर 230.25 वर थांबले असते आणि ऐंशीव्या वर्षीही तेवढेच घेतले असते. पुन्हा ब्रिटनमध्ये राहायला गेले, तरच चालू दर मिळतो. कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्यांना मिळणारा पेन्शन क्रेडिट आणि आजारी, परावलंबी वृद्धांना मिळणारा अटेंडन्स अलाउन्स हे तर भारतात कायमचे राहायला आल्यावर बंदच होतात.

चाचींची गोष्ट आणखी वेगळी. त्यांनी घरी बसून शिलाई केली, चार मुले वाढवली. त्यांच्या नावावर नोकरीची वर्षे थोडी. पण 1978 ते 2010 या काळात मुलांसाठीचा सरकारी भत्ता घेणाऱ्या आयांना पेन्शनसाठी त्या वर्षांचा लाभ मिळायचा होता, आणि अनेक जणींच्या नोंदीतून तो राहून गेला आहे. आपली नोंद तपासून घ्या, हे आम्ही चाचींना पहिल्यांदा सांगितले तेव्हा त्या हसल्या. "माझ्या नावावर काय असायचं?" म्हणाल्या.

औषध, आणि जवळचे माणूस

ब्रिटनची मोफत आरोग्यसेवा तिथे राहणाऱ्यांसाठी आहे. पासपोर्ट कोणताही असो, कायमचे भारतात राहायला आल्यावर नुसते भेटीला गेलात तर इस्पितळाचे बिल येऊ शकते. इंग्लंडमध्ये साठीनंतर डॉक्टरने लिहून दिलेली औषधेही फुकट मिळतात. इथे चाचींची महिन्याची औषधे विकत घ्यावी लागतील. आपल्याकडे 2024 सालापासून 70 वर्षांवरील सर्व ज्येष्ठांना आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण ते इस्पितळात दाखल झाल्यावर. रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यात बसत नाही.

तिथे सगळे चांगलेच आहे असेही नाही. इंग्लंडमध्ये वृद्धाश्रमाचा किंवा घरी येणाऱ्या मदतनिसाचा खर्च सरकार सरसकट देत नाही. 23,250 पाऊंडांहून जास्त मालमत्ता असेल तर तो स्वतःच करावा लागतो. हलाल जेवण, नमाजाची सोय, बायकांच्या अंगाला बाईनेच हात लावावा ही अपेक्षा प्रत्येक ठिकाणी पुरी होईलच असे नाही. आणि एकटेपण तर आहेच. कुरआनचा इंग्रजी अनुवाद करणारे अब्दुल्ला युसूफ अली आपल्या मुंबईत वाढले, आयसीएस झाले, मोठमोठ्या पदांवर राहिले. 1953 च्या डिसेंबरात लंडनच्या थंडीत ते एका इमारतीच्या पायरीवर आजारी, निराधार अवस्थेत पोलिसांना सापडले आणि दुसऱ्याच दिवशी वारले. ब्रुकवुडच्या कब्रस्तानात त्यांची कबर आहे. ज्यांचा अनुवाद जगभर वाचला जातो, त्यांच्या उशाशी शेवटी आपले माणूस नव्हते. देश कुठला हा प्रश्न आहेच, पण उशाशी कोण हा त्याहून मोठा आहे.

चाचींना कोणी विचारले?

हे सगळे कागद पडवीत पसरून आम्ही चार-पाच संध्याकाळी बोलत होतो. चाचा बोलत, आम्ही बोलत, अम्मी मध्येच काहीतरी म्हणे. चाची चहा आणून ठेवत आणि आत जात. शेवटी अम्मीनेच विचारले, "भाभी, तुम्हाला काय वाटतं?"

चाची दारातच थांबल्या. म्हणाल्या, "यांना यांच्या आईच्या कबरीशेजारी जागा हवी. माझी आई मुंब्र्याला दफन आहे. माझी नातवंडं तिकडं शाळेत जातात. धाकटी नात शुक्रवारी माझ्याकडं कुरआन पढायला येते. मी इथं आले तर तिला कोण शिकवणार? आणि यांच्या आधी मी गेले तर हे इथं एकटे काय करणार? मी यांच्या आधी जाणार नाही असं कोणी लिहून दिलंय?"

सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांना ही गोष्ट पहिल्यांदाच विचारली गेली असावी. चाचा त्यांच्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्हीही आमचा 'हो' नीट करून सांगितला. चाचांच्या डोळ्यांत बघून बोलणे जड गेले, पण बोललो. "चाचा, घर आम्ही सांभाळू. तुम्ही याल तेव्हा दोन वेळचे जेवण, डॉक्टर, बाजार, सगळे बघू. पण कायमचे आजारपण अंगावर आले तर रात्रंदिवस माणूस ठेवण्याची ताकद आमच्यात नाही. हे आत्ताच सांगितलेले बरे." आईवडिलांशी आणि वडीलधाऱ्यांशी नरमाईने बोलावे असा आपला दीन शिकवतो. पण नरमाई म्हणजे न पेलणारे वचन देणे नव्हे.

चाचा रागावले नाहीत. म्हणाले, "बरं केलंत. मुलंही 'या अब्बा' म्हणतात, पण त्यांच्याही घरात खोली नाही."

फेब्रुवारीत दोघे परत गेले. चाचांनी नागरिकत्वाचा अर्ज केला आहे, चाचींची पेन्शनची नोंद तपासायला दिली आहे. दरवर्षी थंडीचे तीन-चार महिने गावी यायचे, असे ठरले आहे. त्यासाठी आम्ही खालच्या खोलीत कमोड बसवून घेतला, न्हाणीघरात धरायला दांडी लावली. ज्या वाचकांच्या घरी असे बुजुर्ग आहेत त्यांना आमचे एवढेच सांगणे: परत यायचे की नाही हे हातपाय धड असतानाच ठरवा. दोन वर्षांची मुदत, पेन्शन, नागरिकत्व, इथले-तिथले बँकखाते यांचे कागद आधी पाहा. वसीयतनामा लिहून ठेवा. तो नसेल तर इंग्लंडमधल्या मालमत्तेची वाटणी तिथल्या कायद्याने होते, शरियतप्रमाणे नाही. इथल्या नातेवाइकांनी आपल्याला काय जमेल ते खरे सांगावे. आणि घरातल्या बाईला विचारावे, सर्वांत शेवटी नव्हे, सर्वांत आधी.

कबरीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. जिथे मौत येईल तिथेच लवकर दफन करावे, असे बरेच आलिम सांगतात. चाचांना ते माहीत आहे. त्यावर ते अजून काही बोललेले नाहीत. जाताना त्यांनी घराची किल्ली आमच्या हातात दिली आणि या वेळी "पुढच्या वेळी कायमचा येणार" असे म्हणाले नाहीत. म्हणाले, "नोव्हेंबरात येतो, इन्शाअल्लाह. कौलं बघून ठेवा."