राणी नावाची दासी

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील साउथ शील्ड्स येथे १८७८ साली इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील एक समाधिशिला सापडली. तीवर वेताच्या खुर्चीत बसलेली एक स्त्री कोरली आहे. मांडीवर सूतकताईची चाती, शेजारी लोकरीच्या गुंड्यांची परडी. तिचे नाव रेगिना, म्हणजे राणी. ही ब्रिटनमधील एका केल्टिक जमातीची कन्या. सिरियातील पाल्मिरा नगरीच्या बारातेसची ती प्रथम दासी होती. त्याने तिला मुक्त केले व तिच्याशी विवाह केला. तिसाव्या वर्षी ती निवर्तली.

केल्टिक समाजात बूडिकासारखी राणी इ. स. ६० च्या सुमारास रोमविरुद्ध सैन्यासह उभी राहिली, हे खरे. परंतु राणीचे तेज दासीच्या वाट्याला येत नसे. अँगलसी बेटावर सापडलेल्या लोखंडी गळसाखळ्या तेथील गुलामगिरीची साक्ष देतात. पुढे आयर्लंडच्या कायद्यांत तर ‘कुमल’, म्हणजे दासी, हे मूल्य मोजण्याचेच परिमाण झाले. एक कुमल म्हणजे बहुधा तीन दुभत्या गाई.

रोमचा कायदा अधिक रेखीव होता, अधिक मृदू नव्हता. पिता कोणीही असो, दासीचे अपत्य दासच ठरे. मुक्त स्त्रीवरही पूर्वीच्या धन्याचे पालकत्व राही. ते सुटण्यास ऑगस्टसच्या कायद्यानुसार तिला चार अपत्ये व्हावी लागत. जन्मतः स्वतंत्र स्त्रीस तीन पुरत.

शिळेवरील लॅटिन लेखाखाली बारातेसने आपल्या मातृभाषेत एक ओळ कोरविली आहे. तीत शोक आहे, आणि तो खोटा मानण्याचे कारण नाही. मात्र त्या ओळीतही रेगिनाची ओळख पत्नी अशी नाही. मुक्त केलेली दासी, एवढीच आहे.